साडेआठ लाखांच्या स्पीकरमधून साडेआठ लाखांचं काय ऐकू येतं?

भूप_संध्याकाळचा

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

घरी एक बरा अ‍ॅम्प आणि ४५ हजारांचे बुकशेल्फ स्पीकर आहेत. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय, त्यातही ख्याल, मग नाट्यसंगीत, जुनी हिंदी गाणी आणि मुलामुळे लागलेलं थोडंफार जॅझ. मध्यंतरी इथल्याच एका शोरूममध्ये सहज म्हणून शिरलो तर तिथल्या माणसाने इटलीचे उभे स्पीकर लावले, जोडी साडेआठ लाख. खोटं कशाला बोलू, फरक कळला. तंबोरा खोलीत कोणीतरी धरून बसलंय असं वाटत होतं, आणि डग्गा नुसता कानाला नाही तर छातीला कळत होता. वर तो म्हणतो की साहेब ही तर सुरुवात आहे, खरी मजा पंधरा लाखांच्या पुढे.

पैशांचं म्हणाल तर घराचं कर्ज फिटलंय, मुलगा नोकरीला लागलाय, बायको म्हणते घ्यायचे तर घ्या पण वर्षभर माझं डोकं खाऊ नका. माझा प्रश्न सरळ आहे. ४५ हजार ते साडेआठ लाख ह्या प्रवासात आवाजासाठी किती पैसे जातात आणि बाकीचे कुठे जातात? ज्यांनी घेतलेत त्यांनी सांगा, ज्यांना त्यातलं तांत्रिक कळतं त्यांनीही सांगा, फक्त मला समजेल असं सांगा.

अर्धा_शेर

साडेआठ लाख!!! चहा टाकून बसलोय, येऊ द्या.

सोल्डरगन

भूप, चांगला धागा. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, हौस म्हणून स्पीकर बनवतो, पुण्याच्या तापकीर गल्लीत अर्धं आयुष्य गेलंय तेव्हा थोडं लांबण लावतो.

स्पीकरच्या डब्यात तीन गोष्टी. ड्रायव्हर (म्हणजे खालच्या सुरांचा वूफर, वरच्या सुरांचा ट्वीटर वगैरे), क्रॉसओव्हर (त्यांच्यात सूर वाटून देणारं सर्किट) आणि डबा. चांगल्यातला चांगला डेन्मार्कचा स्कॅनस्पीक किंवा नॉर्वेचा सीस ट्वीटर कोणीही विकत घेऊ शकतो, आणि बेरिलियमच्या पडद्याचा घेतला तरी एक नग काही शे डॉलरला पडतो. क्रॉसओव्हरमध्ये उत्तम कॉइल आणि कपॅसिटर घातले तर आणखी काही हजार रुपये. खरा खर्च डब्याचा असतो. जाड प्लाय किंवा एमडीएफ, आतून आडवेतिडवे टेकू, बाहेरून वळणदार आकार, सात-आठ हात लॅकर, त्याला घासणं. हे हाताचं काम आहे आणि युरोपात हात महाग आहेत. मग ४०-५० किलोचा एकेक डबा जहाजात घाला, कस्टम्स, जीएसटी, इंपोर्टरचं कमिशन, डीलरचं कमिशन, शोरूमचं भाडं, डेमो पीस दोन वर्षांनी अर्ध्या किमतीत काढावा लागतो त्याचं नुकसान. वर्षाला मोजक्याच जोड्या विकल्या जातात, त्यामुळे हे सगळं त्या मोजक्या जोड्यांवरच चढतं.

आता कानाला काय मिळतं. मोठ्या डब्यात मोठे वूफर बसतात आणि इथे निसर्गाचा नियम आहे, त्याला कोणी फसवू शकत नाही: एक सप्तक खाली गेलात की तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी वूफरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. छोटा पडदा किती हलणार? म्हणून पाच इंची वूफर ६०-७० हर्ट्झच्या खाली दमतो, आणि दोन-तीन आठ इंची वूफर निवांत ३०-३५ पर्यंत जातात. तुम्हाला शोरूममध्ये डग्गा छातीला कळला त्याचं निम्मं कारण हे, आणि बाकीचं निम्मं म्हणजे शोरूमची घुम शोषायला ट्रीट केलेली खोली. ती खोली काही जोडीबरोबर घरी येत नाही.

मिरजकर_डग्गा

सोल्डरगन शेवटचं वाक्य लाखमोलाचं.

मी तबला वाजवतो, ऑडिओतलं काही कळत नाही पण डग्गा कसा असतो ते कळतं. महागड्या सिस्टीमवर लोक मला डग्गा ऐकवतात आणि म्हणतात बघा काय दणका आहे. अहो डग्ग्याला दणका नसतो, घुमारा असतो. तळहाताची टाच दाबत पुढे सरकवली की सूर वर चढत जातो तो अखंड चढायला पाहिजे. निम्म्या घरांत तो चढताना मध्येच एका ठिकाणी फुगतो आणि पुढे गायब होतो. वाजवणाऱ्याने तसं वाजवलेलं नसतं. माझी परीक्षा तेवढीच. आणि त्यात नापास झालेल्या सिस्टीम स्वस्तातल्या होत्या असं अजिबात नाही.

ओटावाचा_नाना

मी राहतो त्या गावातच, ओटावात, ह्या प्रश्नाचा सगळ्यात शिस्तीत अभ्यास झालाय म्हणून लिहायचा मोह आवरत नाही. इथल्या कॅनडा सरकारच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवायचे प्रयोग वर्षानुवर्षं केले. कुठला स्पीकर वाजतोय ते ऐकणाऱ्याला दिसत नाही, आवाजाची पातळी सारखी केलेली, खोली तीच. आणि एकीकडे त्याच स्पीकरांची निनादरहित खोलीत सगळ्या बाजूंनी मोजणी. निष्कर्ष असा निघाला की दिसत नसेल तर माणसांची आवड आश्चर्य वाटेल इतकी जुळते. समोरून सपाट प्रतिसाद, म्हणजे कुठला सूर उगाच पुढे नाही की मागे नाही, आणि बाजूंना जाणारा आवाजही तसाच गुळगुळीत, असा स्पीकर लोकांना आवडतो. मग तो कितीचा आहे हा प्रश्नच येत नाही.

१९९१ ला टूल हार्मन ह्या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत गेले. तिथे त्यांनी आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ ला एक निबंध सादर केला, त्यातला प्रयोग तुमच्या धाग्यासाठीच केल्यासारखा आहे. तेच स्पीकर, तेच ऐकणारे, एकदा पडद्याआडून आणि एकदा डोळ्यांसमोर. त्यात दोन मोठे देखणे महागडे स्पीकर होते आणि एक छोटा स्वस्तातला सबवूफर-सॅटेलाइट सेट (बासला एक वेगळा डबा, बाकीला चिमुकले स्पीकर). पडद्याआड त्या छोट्या सेटला चांगले मार्क मिळाले होते, डोळ्यांसमोर आल्यावर धाडकन पडले, आणि मोठ्यांचे वाढले. ऐकणारे कोण, तर कंपनीचेच लोक, म्हणजे ज्यांना हे सगळं माहीत असायला हवं असे.

पुढे ऑलिव्हच्या एका चाचणीत जोडी ५०० डॉलरचा इन्फिनिटी प्रायमस आणि ३,८०० डॉलरचा मार्टिन लोगन समोरासमोर आले (आणखी दोन होते), त्यात इन्फिनिटी वर आणि मार्टिन लोगन तळाला. शिकवून तयार केलेल्या कानांचा आणि साध्या श्रोत्यांचा क्रम सारखाच, फक्त तयार कानांनी मार्क कंजूषपणे दिले.

व्हॉल्व्हवेडा

नाना, इन्फिनिटी कोणाची कंपनी आहे तेही सांगा ना. हार्मनचीच. आपल्याच घरच्या स्पीकरला आपल्याच प्रयोगशाळेत पहिला नंबर!

आणि त्या चाचण्या एकच स्पीकर लावून, मोनोमध्ये, छोटे छोटे तुकडे ऐकवून होतात. मी रात्री दहाला मारवा लावतो तेव्हा तासभर ऐकतो. तासाभराने कान थकले की नाही हे कुठल्या आलेखात दिसतं? माझ्याकडे बीबीसीच्या एलएस३/५ए ची एक जुनी जोडी आहे, सत्तरच्या दशकात बीबीसीने बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत आवाज तपासायला म्हणून डिझाईन केलेला चिमुकला डबा, फूटभर उंच. बास नाही, जोरात वाजत नाही, आकडे बघाल तर आजच्या हिशोबात काही खास नाहीत. पण बाईचा आवाज त्यावर ऐका आणि मग माझ्याशी भांडा.

आपल्याकडेही लोकांनी कमाल केलीय. पुण्यातल्याच केडन्सने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवले, कोचीच्या रेदमने हॉर्नचे. ही माणसं काय आलेख बघून वेडी झाली होती का?

ओटावाचा_नाना

व्हॉल्व्हवेडा, इन्फिनिटीचा मुद्दा एकदम मान्य, मी तो लिहायला हवा होता असं तुम्ही म्हणालात तर बरोबर आहे. पण निष्कर्षाची पहिली बाजू टूल हार्मनला जायच्या आधीची आहे, सरकारी पगारावर असतानाची. आणि मोनोमध्ये चाचणी घेतात कारण मोनोत दोष जास्त उघडे पडतात, स्टिरिओ केलं की दोन स्पीकर एकमेकांचं झाकतात.

बाकी एलएस३/५ए मूळ बीबीसीच्या संशोधन विभागाने मोजमाप आणि ऐकणं दोन्ही करूनच बनवलाय हो, आकाशातून नाही पडला. तुम्हाला आवडतो त्यात नवल काहीच नाही.

व्हॉल्व्हवेडा

बरं. पण थकण्याचं उत्तर नाही मिळालं.

ओटावाचा_नाना

नाही मिळालं. बहुतेक वेळा २ ते ५ हजार हर्ट्झमध्ये कुठेतरी उंचवटा असतो तो थकवतो आणि तो आलेखात दिसतो. बहुतेक वेळा, नेहमी नाही.

स्वरदा_ठाणे

आम्ही घेतलेत. तुमच्याइतके नाही पण साडेसहा लाखांचे, चार वर्षं झाली. तेव्हा ज्यांनी घेतलेत त्यांनी सांगा म्हणालात म्हणून सांगते.

काय मिळालं? एक म्हणजे हळू आवाजातही गाणं पूर्ण वाटतं. आधीच्या स्पीकरला अंगात यायला आवाज वाढवावा लागायचा, आता रात्री अकराला शेजारच्यांना न उठवता विलंबित ऐकता येतं. दुसरं, कधी घरात कोणी नसताना मोठ्याने लावलं तर तारसप्तकात गळा टोचत नाही. तिसरं, दिसतात सुंदर. अक्रोडाचं लाकूड आहे, मी रोज पुसते. ह्या तिसऱ्या गोष्टीसाठी आम्ही किती मोजले असतील? माझ्या अंदाजाने निम्मे. आणि मला त्याचं काही वाटत नाही, पैठणीला ऊब किती देते असं कोणी विचारत नाही. फक्त दुकानदाराने आणि नवऱ्याने ती किंमत आवाजाच्या खात्यात दाखवू नये एवढंच म्हणणं.

अजून एक जे कोणी आधी सांगत नाही. हे स्पीकर चार ओमचे (म्हणजे जास्त करंट ओढणारे) निघाले आणि जुना अ‍ॅम्प त्यांना पुरेना, जोरात गेलं की गरम होऊन बंद पडायचा. म्हणजे अ‍ॅम्पचे दोन लाख वेगळे. भूप, तुमचा अ‍ॅम्प चार ओमला किती देतो ते बघून ठेवा.

अर्धा_शेर

पैठणी 😂 स्वरदाताई जिंकल्या, धागा बंद करा.

सोल्डरगन

धागा बंद कशाला, मुख्य मुद्दा तर अजून आलाच नाही. भूप, हॉल केवढा आहे? सोफा कुठे, स्पीकर कुठे? फरशी? गालिचा?

भूप_संध्याकाळचा

हॉल १६ बाय ११ फूट, उंची साडेनऊ. टीव्ही आणि स्पीकर ११ फुटांच्या भिंतीला, सोफा समोरच्या भिंतीला टेकून. व्हिट्रिफाइड टाइल्स, गालिचा नाही (धूळ). एका बाजूला काचेचं सरकतं दार आणि बाल्कनी. कोथरूडमधला नेहमीचा टू बीएचके हो, काय वेगळं असणार.

सोल्डरगन

तेच. आता गणित बघा, सोपं आहे. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की खोली स्वतः कुठल्या सुरावर घुमते ते कळतं. तुमची १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर, त्याचे येतात ३५ हर्ट्झ. ११ फुटांचे ५१. उंचीचे ५९. आणि लांबीचा दुसरा ठोका ७० ला.

आता तुम्ही ख्याल ऐकता. गवई काळी एकचा (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरणारा) असेल तर त्याचा मध्य सा १३८ च्या जरा वर, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९. तुमची खोली ७० ला घुमते! आणि सोफा भिंतीला टेकलेला, म्हणजे जिथे ही घुम सगळ्यात जास्त तिथेच तुमचं डोकं. चार फूट पुढे आलात तर तोच ७० चा सूर जवळपास नाहीसा होईल. स्पीकर तोच, खोली तीच, फक्त खुर्ची हलली.

ह्यात इटलीचे ३० हर्ट्झपर्यंत जाणारे स्पीकर ठेवले की काय होईल? आत्ताचे तुमचे बुकशेल्फ ५५-६० च्या खाली दमतात म्हणून ३५ आणि ५१ ची घुम झोपलेली आहे. नवीन येऊन तिला उठवतील. मग तुम्ही शोरूमला फोन करणार की दुकानात वाजत होता तसा डग्गा घरी का वाजत नाही, आणि तो सांगणार साहेब केबल बदला.

अमेरिकेत घरं लाकडी सांगाड्याला जिप्सम बोर्ड लावून बांधतात, त्या भिंती थोड्या हलतात आणि बास थोडा पिऊन टाकतात. आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंती बासला तसाच्या तसा परत पाठवतात. परदेशी मासिकातली स्तुती वाचून स्पीकर घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मिरजकर_डग्गा

अच्छा म्हणजे डग्गा मध्येच फुगतो तो ह्यामुळे! इतकी वर्षं मी बिचाऱ्या स्पीकरवाल्यांना शिव्या घालत होतो.

पण एक शंका. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेत मूळ सूर तसा अशक्तच असतो ना? जवारी नीट लागली की कानाला त्या तारेतून गंधारच ऐकू येतो जास्त. आमच्या मिरजेत जवारी काढणारा घोडीवर घासत बसतो ते ह्याच्यासाठीच, की वरचे सूर फुलून यावेत.

सोल्डरगन

बरोबर पकडलंत. म्हणूनच छोट्या स्पीकरवर तंबोरा छान वाजतो, खर्जाचा मूळ सूर कमी असला तरी वरच्या सुरांवरून कान तो भरून काढतो. भूपना शोरूममध्ये तंबोरा आवडला त्याला मोठा वूफर कारण नाही, मधला आणि वरचा भाग स्वच्छ असणं कारण आहे. आणि हा भाग स्वच्छ मिळायला साडेआठ लाख लागत नाहीत. केईएफचा एलएस५० मेटा डॉलरमध्ये जोडी दीड हजाराच्या आसपासचा, ह्या भागात कित्येक पाचपट महागांच्या तोडीस तोड आहे. जेबीएलचे ३०५ स्टुडिओ मॉनिटर त्याहून कितीतरी स्वस्त, अ‍ॅम्प आतच, दिसायला प्लास्टिकचे, शांततेत ट्वीटरमधून बारीक सू ऐकू येतो, पण सूर सरळ.

माझं मत मागाल तर लाख-दीड लाखापर्यंत तुम्ही बऱ्यापैकी आवाज विकत घेता. तिथून तीन-चार लाखांपर्यंत खोल बास आणि मोठ्याने वाजवायची ताकद, ती वापरायला मोठा हॉल असेल तर. त्याच्या पुढे लाकूड, लॅकर, नाव, आणि क्वचित एखादा खरोखर वेडा इंजिनिअर. विल्सन ऑडिओचा वॅम मास्टर क्रोनोसॉनिक ६,८५,००० डॉलरला होता, रुपये तुम्हीच करा. तो ऐकून कोणाला रडू आलं असेल तर मी नाही म्हणणार नाही, पण त्याला लागणारा दिवाणखाना कोथरूडात नाही.

व्हॉल्व्हवेडा

इथे मी सोल्डरगनशी सहमत. फक्त "मोठ्याने वाजवायची ताकद" हे आपण उगाच फुगवतो. तीन मीटरवर बसून आपण सरासरी ज्या आवाजात गाणं ऐकतो त्याला साधारण ८६ डेसिबल संवेदनेच्या (एका वॅटला एक मीटरवर तेवढा आवाज देणाऱ्या) स्पीकरला अर्धा वॅट पुरतो. अर्धा! बाकीचे सगळे वॅट क्षणभराच्या थापेसाठी. तबल्याचा चाटीवरचा ठोका, मृदंगाची थाप, तिथे क्षणभर शंभरपट लागते ते खरं.

ठाण्याचा_कर्णा

वयाचं कोणीच बोलत नाहीये म्हणून बोलतो. पेशाने कानाचा डॉक्टर. विशीत वीस हजार हर्ट्झच्या जवळपास ऐकू येतं, पन्नाशीत बहुतेकांचं बारा-चौदा हजारांवर थांबतं, पुरुषांचं जरा आधीच. कारखान्यात काम केलेलं असेल किंवा गणपतीत डीजेच्या भिंतीसमोर नाचून झालं असेल तर आणखी खाली. म्हणजे असे स्पीकर घ्यायची ऐपत येते तेव्हा डायमंड ट्वीटरचा वरचा मजला ऐकायला माणूस उरलेला नसतो. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, बारा हजारांच्या वर संगीतात फार थोडं असतं. पण त्या वरच्या मजल्यासाठी वेगळे पैसे मोजण्याआधी एकदा ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) काढून घ्या.

अर्धा_शेर

आणि जुन्या रेकॉर्डिंगचं काय? भूप म्हणतात नाट्यसंगीत. त्यात ऐकण्यासारखं वर-खाली असतं तरी किती?

सोल्डरगन

चांगला प्रश्न. १९२५ च्या आधीच्या तबकड्या भोंग्यासमोर ओरडून भरलेल्या, त्यात साधारण २५० ते २,५०० हर्ट्झ एवढाच पट्टा. इलेक्ट्रिक मायक्रोफोन आल्यावर तो वाढून सहा-एक हजारांपर्यंत गेला. म्हणजे ७८ च्या तबकड्यांवरून उतरवलेलं गाणं ३५ हर्ट्झपर्यंत जाणाऱ्या स्पीकरवर लावलंत तर खाली गाणं नाही, टर्नटेबलची घरघर ऐकू येईल. टेपच्या जमान्यापासूनची रेकॉर्डिंग वेगळी, ती मात्र चांगल्या स्पीकरची परीक्षा घेतात, विशेषतः मैफिलीतली जिथे टाळ्या, खोकला, हार्मोनियमचा भाता सगळं असतं.

स्वरदा_ठाणे

भात्याचा आवाज! आमच्याकडे एका मैफिलीच्या रेकॉर्डिंगमध्ये तंबोऱ्यावाली मुलगी मध्येच काहीतरी पुटपुटते ते नवीन स्पीकरवर पहिल्यांदा कळलं. सासूबाईंना मात्र ते जुन्यावरही ऐकू यायचं म्हणे.

भूप_संध्याकाळचा

मंडळी, धन्यवाद. काल सोल्डरगननी सांगितलं ते तपासून पाहिलं. मोबाईलवर एक सूर काढणारं फुकटचं अ‍ॅप घेतलं, ब्लूटूथने अ‍ॅम्पला जोडलं आणि ४० पासून हळूहळू वर नेलं. पन्नाशीच्या जरा पुढे काचेचं दार थरथरलं. ७० ला सोफ्यावर कान दडपले आणि उठून पुढे चालत गेलो तर मध्ये एका जागी आवाज जवळजवळ बंदच. बायकोला बोलावून दाखवलं, ती म्हणाली हे बिघडलेत का. बिघडलेले नाहीत म्हणून सांगितलं.

आता सोफा किती पुढे घेऊ? चार फूट घेतला तर घरात चालायला जागा नाही. आणि भिंतींना ते अंड्याच्या ट्रेसारखे फोम लावून काही होतं का?

सोल्डरगन

चार फूट नकोच, तिथे तो सूर पूर्ण बंद होईल. दोन-अडीच फूट घ्या, घुम बऱ्यापैकी उतरेल आणि मागून झाडूही फिरेल. स्पीकर त्यांच्या मागच्या भिंतीपासून किती लांब आहेत? दोन फूट असतील तर साधारण १४० च्या आसपास भिंतीवरून परत आलेला आवाज मूळ आवाजाला खातो, म्हणजे बरोबर काळी एकच्या मध्य सा ला. थोडे पुढेमागे करून ऐका, गवय्याचा सा कुठे भरतो ते कानालाच कळेल.

अंड्याच्या ट्रेचा फोम बासला काही करत नाही, ५० हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, तिला इंचभर फोम दिसतही नाही. तो वरचे सूर तेवढे खातो आणि खोली कोंदट करतो. त्यापेक्षा ४८ घनतेचं रॉकवूल आणा, चार इंच जाड, सुताराकडून दोन बाय चार फुटांच्या चौकटी करून घ्या, वर कापड. कोपऱ्यात उभे करा. हातमोजे आणि मास्क घालून, रॉकवूल खाजतं. समोर जमिनीवर एक जाड गालिचा, तो धुळीचा होतो हे मान्य, पण टाइल्सवरून उडणारी टाळी तोच थांबवतो. काचेच्या दाराला जाड पडदा. हे सगळं पंचवीस-तीस हजारांत होतं.

हे झाल्यावर एक मोजायचा यूएसबी मायक्रोफोन घ्या, खोलीचा आवाज मोजणारं आरईडब्ल्यू सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि उरलेली घुम इक्वलायझरने कापा.

व्हॉल्व्हवेडा

इक्वलायझर हा शब्द माझ्या घरात उच्चारायला बंदी आहे पण ७० च्या घुमीसाठी मी दुसरीकडे बघेन.

ओटावाचा_नाना

खोलीचं उरकलं की मग स्पीकर बदलायचे की नाही ते ठरवा, आधी नाही. ऑलिव्हच्या हिशोबात लोकांच्या एकूण पसंतीत बासचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास येतो, आणि तुमच्याकडे बास खोली ठरवतेय.

डीलरला म्हणा घरी आणून लावा. आणि तुलना करताना दोन्हींचा आवाज एका पातळीवर आणा, मोबाईलच्या किंवा कानाच्या अंदाजावर नको, गुलाबी गोंगाट (पिंक नॉइज, सगळ्या सप्तकांत सारखी ताकद असलेला सू) लावून मीटरने. एखाद डेसिबल जरी जास्त असेल तर आपला कान त्याला "जास्त मोकळा", "जास्त स्वच्छ" म्हणतो, शोरूमवाल्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. शक्य असेल तर समोर एक पातळ पडदा लावा आणि बदलायचं काम मुलाला द्या.

स्वरदा_ठाणे

आणि नवीनच कशाला? पॅसिव्ह स्पीकर वीस-पंचवीस वर्षं आरामात टिकतो, जुना घेतला तर बऱ्याचदा निम्म्यात येतो. फक्त वूफरची कड रबराची आहे ना ते बघा, फोमची असेल तर आपल्याकडच्या दमट हवेत भुगा होतो.

भूप_संध्याकाळचा

डीलरशी बोललो. साडेआठवाले घरी आणायला नाही म्हणाला, जड आहेत, ओरखडा आला तर कोण भरणार. त्याच कंपनीचे छोटे, दोन लाख दहा हजारांचे, शनिवारी आणतो म्हणाला. सोफा अडीच फूट पुढे घेतलाय, सुताराला चौकटी सांगितल्यात, पडद्याचं कापड बायकोने तुळशीबागेतून आणलं. मुलगा बदलायला तयार आहे पण म्हणतो जेवण चांगलं पाहिजे. पुण्यातलं कोणी येणार का ऐकायला? चार कान जास्त असले तर बरं.

मिरजकर_डग्गा

शनिवारी मी पुण्यातच आहे, शिष्याकडे. येतो. डग्गा घेऊन येऊ का? आधी खोलीत खरा वाजवतो, मोबाईलवर नको, कोणाकडे बरा रेकॉर्डर असेल तर भरून घेऊ, मग तोच दोन्ही स्पीकरवर लावा. चढता सूर कुठे फुगतो ते पडदा असो नसो मला कळेल.

सोल्डरगन

रेकॉर्डर आणि मायक्रोफोन मी आणतो. मीटरही. मिरजकर, डग्गा सोफ्यावर बसून नका वाजवू, स्पीकर जिथे उभे आहेत तिथे बसा, आणि मायक्रोफोन डग्ग्याच्या अगदी जवळ ठेवू, नाहीतर खोली दोनदा मोजली जाईल.

अर्धा_शेर

मी फक्त जेवायला येतो. पत्ता व्यनि करा.